सोनकांबळे सरांनी न घेतलेलं नाव

माझी एक भाची अमेरिकेत असते. परवा फोनवर तिनं तिकडचं एक भांडण सांगितलं. तिकडे बेसबॉलमध्ये दरवर्षी एका खेळाडूला सर्वांत मोठा मान देतात म्हणे. आता एखादा गडी एकटा जीव तोडून खेळला, पण त्याचा संघ पार तळाला गेला, तर त्याला तो मान द्यायचा का? अर्धे लोक म्हणतात, द्या, त्याच्या खेळात काय खोट आहे? अर्धे म्हणतात, ज्याला संघ जिंकवता आला नाही तो कसला मोठा? भाची मला समजावून सांगत होती, म्हातारीला नवीन काहीतरी कळावं म्हणून. मी म्हटलं, बाई गं, हे भांडण आम्ही निलंग्यात कधीच करून बसलोय. तिला वाटलं मावशीची सटकली. मी फोन ठेवला आणि दिवसभर मला सोनकांबळे सर दिसत राहिले.

सोनकांबळे सर आमच्या शाळेत खेळाचे मास्तर होते. मी गणिताची. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादची सावत्र लेकरं म्हणून राहिलेले आम्ही लोक एकदम स्वतःच्या जिल्ह्याचे झालो होतो आणि ज्याच्या त्याच्या अंगात आलं होतं. जिल्ह्याचं हे पहिलं, जिल्ह्याचं ते पहिलं. पाऊस मात्र नव्हता. नवा जिल्हा झाला म्हणून ढगांना कोणी निरोप धाडला नव्हता.

सर उंच, काळेसावळे, पाठ पट्टीसारखी सरळ. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्ही रोज धुतलेले. त्या पाण्याच्या टंचाईत ते हे कसं जमवत देव जाणे. मी एकदा विचारलंही. म्हणाले, "बाई, तुमची साडी मळली तर लोकं म्हणतात, कामात व्हत्या. माझा शर्ट मळला तर म्हणतात, हे असेच." एवढंच म्हणाले आणि शिट्टी वाजवून निघून गेले. त्यांचे वडील बौद्ध झालेल्या पहिल्या लोकांतले, शेतमजूर. घराण्यात पहिली नोकरी सरांची. नोकरीत कोणाला बोट दाखवायला जागा मिळू नये, हाच त्यांचा धर्म होता म्हटलं तरी चालेल. या धर्मानंच पुढे घात केला, पण ते सांगते नंतर.

कुठल्याशा शिबिरात ते सॉफ्टबॉल शिकून आले आणि मुलींचा संघ काढला. निलंग्यात! लोकांनी तोंडात बोटं घातली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचीच धाकटी बहीण, चेंडू जरा मोठा आणि टाकायचा खालून हात फिरवून. मैदानाला तर या एवढाल्या भेगा पडलेल्या. सर आणि पोरींनी तेरणेच्या कोरड्या पात्रातली वाळू पाट्यांनी आणून भेगा बुजवल्या. पळत जाऊन टेकायच्या ज्या जागा असतात, त्यांना बेस म्हणतात. ते बेस सरांनी पोत्याच्या तुकड्यांत कडबा भरून शिवले. मैदानाच्या पलीकडे दुष्काळातल्या जनावरांची छावणी पडली होती. एक दिवस ऐन खेळात एक हाडकी गाय चालत आली आणि तिनं दुसरा बेस पोतं फाडून खायला सुरुवात केली. पोरी काठ्या घेऊन धावल्या. सरांनी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं. "खाऊ द्या तिला. आपुन खेळून राहिलो, ती जगून राहिली." गाय निवांत खात होती आणि अख्खा संघ कमरेवर हात ठेवून बघत होता. नंतरच्या बेसांत सरांनी वाळू भरली.

धावा लिहून घ्यायला माणूस हवा होता म्हणून त्यांनी मला ओढलं. "तुम्ही गणिताच्या, तुमचं चुकणार न्हाई." मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आकडे मांडता मांडता खेळ कळायला लागला आणि मग मी अशी अडकले की घरी आमटी करपायची.

सरांची एक रीत होती. सायकलला बांधून ते घरून पाण्याची कळशी आणायचे. खेळ संपला की सगळ्या पोरी गोल उभ्या राहायच्या, घशाला कोरड, ओठ फुटलेले. सर कळशीतून पेला भरायचे आणि त्या दिवशी ज्या पोरीनं त्यांच्या मते सगळ्यांत चांगलं काम केलं, तिला तो पहिला पेला द्यायचे. तिनं प्यायल्यावर बाकीच्यांनी. सुरुवातीला दोन घरांतून माझ्याकडे निरोप आले, की बाई, आमची पोरगी त्यांच्या कळशीतलं पिणार नाही. मी ते सरांना सांगितलं, सांगताना माझीच मान खाली गेली. ते म्हणाले, "ज्याला जमंल त्यानं प्यावं, न जमंल त्यानं घरून आणावं. माझी जबरदस्ती न्हाई." थोड्याच दिवसांत त्याच दोघी पहिल्या पेल्यासाठी सगळ्यांत जास्त धडपडायला लागल्या. पोरं शहाणी असतात, आईबापांनी वेळ दिला तर.

पण पहिला पेला कोणाला मिळायचा? जी जास्त धावा काढायची तिला कधीच नाही. दुसरीचा हुकलेला चेंडू अडवायला जी मागे धावली, तिला. स्वतः बाद होऊन जिनं पुढच्या मुलीला एक बेस पुढे सरकवलं, तिला. सर म्हणायचे, "टाळ्या पडतात त्या कामाला पाण्याची काय गरज? त्याचं पोट टाळ्यांनी भरतंय."

आणि ज्या पोरीला टाळ्या पडायच्या ती शबाना. आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. तिचे अब्बा बाजारात शिवणकाम करायचे. शेलाटी, दोन वेण्या, बोलणं कमी. पण हात फिरला की समोरची मुलगी बॅट घेऊन नुसती उभी राहायची. चेंडू मागच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये जाऊन फटकन वाजायचा तेव्हा कळायचं की तो गेला. मी कागदावर मांडत होते म्हणून सांगते, बाकीच्या आठजणींचा खेळ एका बाजूला ठेवला आणि तिचा एका बाजूला, तरी तराजू तिच्याकडेच झुकायचा. आणि या पोरीला पहिला पेला एकदाही मिळाला नाही. एकदा कागद आवरताना ती माझ्याजवळ आली. "बाई, मी सरांला आवडत न्हाई का?" मी म्हटलं, "अगं, जीव आहे तुझ्यावर त्यांचा." ती म्हणाली, "मग ते कधी म्हणत कामून न्हाईत?" मी तिची समजूत काढली. सरांच्या कानावर घातलं तर ते हसले. "तिला काय सांगायचं बाई? तिला ठावंय की."

आता ती दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आदल्या वर्षी सरांनी तालुक्याचा संघ निवडला होता. त्यात त्यांच्या वस्तीतल्या दोन मुली होत्या. दोघीही चोख खेळायच्या, मी आकडे काढून दाखवते म्हणाले. तरी निनावी तक्रार गेलीच. 'त्यांच्या' माणसाला अधिकार दिला की तो 'त्यांच्यां'चंच बघणार, हे बोलणं शाळेच्या व्हरांड्यात फिरलं. चौकशी झाली, काही निघालं नाही. निघणार काय, कपाळ? पण सर त्या दिवसापासून बदलले. मला म्हणाले, "बाई, आजपासून माझ्या शाळेच्या पोरीसाठी मी तोंड उघडणार न्हाई. तिचा खेळ बोलंल." मी म्हटलं, "अहो, खेळाला तोंड असतं का?" तर म्हणे, "असतंय."

त्या थंडीत नव्या जिल्ह्याच्या स्पर्धा लातूरला झाल्या. स्पर्धा संपली की तीन मास्तरांनी बसून एक उत्कृष्ट खेळाडू निवडायची असं ठरलं होतं, आणि त्या तिघांत सोनकांबळे सर होते. नांदेडच्या एका कॉलेजानं जाहीर केलं होतं की जिला हा मान मिळेल तिला अकरावी-बारावी वसतिगृहासकट फुकट शिकवू. शबानाचं मॅट्रिकचं वर्ष. दुष्काळात कोण कपडे शिवतंय? अब्बांची मशीन बंदच असायची. पण त्यांनी पोरीला शब्द दिला होता: "जिल्हे ने मान दिया तो जा, मैं रोकता नहीं." त्या पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका नावावर टांगलेलं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं, मलाही आणि सरांनाही.

आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला तो शबानाच्या खांद्यावर बसून. शेवटचा सामना लातूरच्याच एका शाळेशी. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. तिथे आमच्या एका पोरीच्या हातात सोपा झेल आला आणि सुटला. एक धाव गेली. संपलं. जिच्या हातून झेल सुटला ती मैदानातच बसून रडायला लागली, आणि तिला उठवायला पहिली धावली ती शबाना. सरांनी ते पाहिलं. मी सरांकडे पाहत होते.

मग ती बैठक. शाळेचाच एक वर्ग, तीन खुर्च्या, आणि मी कागद घेऊन बाकावर. अध्यक्ष लातूरचे एक जुने मास्तर होते. ते म्हणाले, "सगळीकडची रीत म्हणजे मान जिंकलेल्या संघाच्या कॅप्टनला. मुलगी चांगली आहे. लिहायचं का?" दुसरे उदगीरचे मास्तर, सरळ माणूस, डोकं खाजवत म्हणाले, "खरं सांगू का, स्पर्धेत डोळ्यात भरली ती निलंग्याची पिचर. पण कप एकीकडे आणि मान दुसरीकडे, लोक काय म्हणतील?" मला राहवलं नाही. मी कागद पुढे सरकवले. "बघा ना आकडे." अध्यक्ष म्हणाले, "बाई, आकडे ठीक आहेत, पण शेवटी संघ हरला ना?" मग उदगीरचे मास्तर सरांकडे वळले. "सोनकांबळे, तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल तसं मी म्हणतो."

एवढं सोपं होतं हो! एक नाव घ्यायचं होतं. दोन विरुद्ध एक, आणि पोरगी नांदेडला. सर उठून उभे राहिले. खडूसारखे पांढरे कपडे, सरळ पाठ. म्हणाले, "ती माझ्या शाळेची पोरगी हाय. मी बोलणं बरं न्हाई. तुम्ही दोघं ठरवा, मी बाहीर थांबतो." आणि गेले. दार ओढून घेतलं.

उदगीरचे मास्तर दाराकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "रोज बघणारा माणूसच बोलत नाही म्हटल्यावर काहीतरी असेल." मी म्हटलं, "तसं नाही हो, ते..." अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही कागद आणायला आलात." लातूरच्या मुलीचं नाव लिहिलं गेलं. त्या मुलीबद्दल मला काही म्हणायचं नाही, गुणी पोर होती.

मी बाहेर आले तर सर पायरीवर बसलेले, आणि समोर लिंबाच्या झाडाखाली सगळ्या पोरी. शबाना एकटीच उभी होती. तिनं सरांना निकालाआधी बाहेर येताना पाहिलं होतं. नंतर कळलं की तिनं विचारलं होतं, "सर, झालं का?" आणि सर म्हणाले होते, "चाललंय." नाव पुकारलं गेलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

परतीच्या एसटीत पोरी झोपल्या आणि मी सरांवर तुटून पडले. "संघ हरला म्हणून तिचा खेळ खोटा झाला का? बेरीज चुकली म्हणून वरचे आकडे चुकीचे असतात का हो?" ते म्हणाले, "संघ जिंकला तर सगळ्यांचा. मग हरला तर एकटीला कसं काढून घ्यायचं त्यातून?" मी म्हटलं, "हे तुम्हाला तरी पटतंय का?" ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "मी बोललो असतो तर म्हणले असते, बघा, आपल्याच पोरीला दिलं. मान तिचा व्हता, डाग लागला असता." तेव्हा माझा तोल सुटला. "लागू द्यायचा होता डाग! तुमच्या स्वच्छ कपड्यांचं त्या पोरीनं काय करायचं?"

आठ दिवसांनी ते मला घेऊन शबानाच्या घरी गेले. अब्बांनी चहा दिला. सर म्हणाले, "पोरीला नांदेडला पाठवा. वसतिगृहाचं मी बघतो." अब्बांनी सलाम करून आभार मानले. मग म्हणाले, "सर, पैशाचं न्हाई. जिल्ह्यानं मान दिला म्हणून पाठवली, असं बिरादरीत सांगायला तोंड व्हतं. आता मास्तर खर्च करतो म्हणून पाठवली असं कसं सांगू? पोरीच्या नावाला बोल लागंल." सरांना हे उत्तर कळलं. त्यांच्याइतकं कोणालाच कळलं नसतं. शबाना आतल्या दारात उभी होती, ती सरांकडे बघत होती आणि सर चहाच्या बशीत.

ती मॅट्रिक झाली, मशीनवर बसली, आणि पुढे तिचं लग्न होऊन ती कर्नाटकात भालकीला गेली.

त्यानंतर सर वेगळेच झाले. पुढच्या वर्षी आमचा संघ जिंकला. जिल्ह्यानं सरांनाच उत्कृष्ट क्रीडाशिक्षक ठरवलं. शाल, नारळ, भाषण. सरांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "औंदा संघ जिंकला म्हणून मला बोलावलंत. गेल्या साली मी हाच व्हतो. मेहनत औंद्यापेक्षा जास्तच केली व्हती. तवा मी वाईट मास्तर व्हतो का?" शाल त्यांनी परत केली नाही, उद्धटपणा त्यांच्या रक्तात नव्हता. ती घेतली, घडी केली आणि खाली उतरले.

त्याच दिवशी खेळाडू निवडायच्या बैठकीत ते औशाच्या एका मुलीसाठी अडून बसले. तिचा संघ पहिल्याच फेरीत गारद झालेला. आमची कॅप्टन सुमन, जिंकलेल्या संघाची, मानाची वाट बघत बाहेर उभी. सरांनी दार लावून घेतलं आणि औशाच्या पोरीचं नाव लिहिलं जाईपर्यंत कोणाला उठू दिलं नाही. सुमनच्या घरच्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी म्हटलं, "सर, आपल्या पोरींना तुमच्या हातून काही मिळायचं नाही, हेच खरं." ते म्हणाले, "औशाची पोरगी चांगली खेळली का न्हाई?" खेळली होती. मग दरवर्षी हेच. खो-खो असो, कबड्डी असो, हरलेल्या संघातून सर एखादं नाव उकरून काढायचे आणि त्यासाठी घसा फोडायचे. लोक त्यांना चक्रम म्हणायला लागले. शेवटी कोणी त्यांना समितीवर बोलावीनासं झालं. मला कळायचं की हा माणूस दरवर्षी त्याच एका खोलीत परत जातोय. पण ती पोरगी तिथे नव्हती.

शेवटचं त्यांना पाहिलं ते निलंग्याच्या एसटी स्टँडवर. दोघंही निवृत्त झालो होतो. सरांचे केस पांढरे, कपडे तसेच. माझ्या औरादच्या गाडीला वेळ होता आणि ते मला सोडायला आले होते. भालकीच्या गाडीच्या रांगेत एक बाई एकदम वळली आणि समोर आली. बुरखा मागे सारलेला, अंगानं भरलेली, हातात पिशव्या. सरांनी ओळखलं नाही. मी ओळखलं.

"सर, मी शबाना."

तिनं माझी चौकशी केली, पोरांचं सांगितलं, अब्बा गेल्याचं सांगितलं. सगळं हसून. भालकीची गाडी लागली, लोक चढायला लागले. ती एक पाय पायरीवर ठेवून थांबली.

"सर, एक विचारू? लई दिवसांचं हाय. त्या साली तुमच्या मनात कोण व्हतं?"

"तू," सर म्हणाले. लगेच. जणू इतकी वर्षं तो शब्द दातांच्या मागेच होता. "तूच व्हतीस. दुसरं कोणीच नव्हतं."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर ती जुनी मुलगी आली. मग गेली.

"मग तवा म्हणायला काय झालं व्हतं, सर?"

तिनं रागानं नाही विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. सर काहीतरी बोलायला गेले, माझ्याकडे पाहिलं, परत तिच्याकडे. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, चढा नाहीतर उतरा!" मागच्यांनी तिला आत लोटलं. गाडी धूळ उडवत निघून गेली.

माझी औरादची गाडी पलीकडे लागली होती. मी म्हटलं, "सर, चला." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, बाई." मी गाडीत बसले, खिडकीतून पाहिलं. भालकीच्या फलाटावर आता दुसरी गाडी येऊन उभी होती, माणसं त्यांना धक्के देत चढत होती, उतरत होती. सर तिथेच उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.